बुओना व्हिस्टा : नावात राहिलेला देखावा



सिंगापुरात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचं बुओना व्हिस्टाशी नातं घाईचं आहे. ईस्ट-वेस्ट लाइनवरून उतरायचं, सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं आणि सर्कल लाइन पकडायची. रोज घोकून नाव इतकं गुळगुळीत झालेलं असतं की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. इटालियनमध्ये बुओना म्हणजे चांगला आणि व्हिस्टा म्हणजे देखावा. स्टेशनाबाहेर आलात की दिसतात काचेच्या इमारती, उड्डाणपूल आणि घिम मोचे उंच ब्लॉक. मग देखावा कुठे आहे?

तो होता. खरं तर थोडा दक्षिणेला होता. हॉलंड व्हिलेजकडून निघालेला हा रस्ता पुढे साउथ बुओना व्हिस्टा रोड होतो, एका लांबट डोंगरकण्यावर चढतो आणि वळणं घेत घेत पासिर पांजांगच्या किनाऱ्याकडे उतरतो. ही वळणं इतकी की लोक त्यांना नव्व्याण्णव म्हणत. रस्ता जिथे कणा ओलांडतो त्या जागेला इंग्रजीत 'द गॅप' असं नाव पडलं. आपण तिला सरळ खिंड म्हटलं असतं. या खिंडीतून समोर समुद्र दिसे आणि त्यात विखुरलेली दक्षिणेची बेटं. मोटारी आल्यावर संध्याकाळी तिथे जाऊन थांबणं हा सिंगापूरकरांचा विरंगुळा झाला. मलाय भाषेत अशा फेरफटक्याला 'मकान आंगिन' म्हणतात, शब्दशः हवा खाणं. लोणावळ्याला हवा खायला जाणाऱ्या आपल्या लोकांना हा शब्द कुणी समजावून सांगायला नको.

जाता जाता एक गंमत. श्रीलंकेत गॉल बंदराच्या तोंडाशी असलेल्या एका टेकडीलाही बुओना व्हिस्टा हेच नाव होतं. तिचं स्थानिक नाव रुमस्सला. मारुती द्रोणागिरी घेऊन उडत असताना त्याचा एक तुकडा पडला आणि ही टेकडी झाली, असं तिथले लोक सांगतात. एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडे जाणाऱ्या आगबोटी कोळसा भरायला गॉलला थांबत. म्हणजे मुंबईहून सिंगापूरला निघालेल्या प्रवाशाला पहिला 'चांगला देखावा' वाटेतच भेटत असणार.

आज बोलायचंय ते या देखाव्यांच्या फोटोंविषयी. तुम्ही दुबईत असा, न्यू जर्सीत असा की मेलबर्नमध्ये, तुमच्या फोनमध्ये डोंगर, समुद्र आणि सूर्यास्त यांचे शेकडो फोटो असतील. निसर्गाचा सुंदर फोटो काढावा, तो जपावा, विकत घ्यावा, घरी पाठवावा, ही सवय आपल्याला कुठून लागली? या गोष्टीचा एक धागा सिंगापुरात आहे आणि दुसरा सह्याद्रीत.

सिंगापुरातला धागा फार जुना आहे. मुन्शी अब्दुल्ला या मलाय लेखकाने आपल्या आत्मचरित्रात, 'हिकायत अब्दुल्ला'मध्ये, एका अमेरिकन युद्धनौकेवरच्या डॉक्टरने दाखवलेल्या नवलाची हकीकत लिहून ठेवली आहे. चकचकीत पत्र्यावर सिंगापूर शहर जसंच्या तसं उमटलेलं! हे पुस्तक १८४९ साली छापून आलं. या भागातल्या माणसाने फोटो पाहून व्यक्त केलेलं आश्चर्य इतक्या लवकर लिहिलं गेलं, आणि तो फोटो कुणा साहेबाच्या चेहऱ्याचा नव्हता, जागेचा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. १८४३ मध्ये गॅस्तों द्युत्रोंक्वा नावाच्या हॉटेलवाल्याने आपल्या लंडन हॉटेलात फोटो काढून देण्याची जाहिरात दिली. १८४४ मध्ये ज्यूल इतिए हा फ्रेंच अधिकारी चीनला जाताना इथे थांबला आणि त्याने नदीकाठचं शहर पत्र्यावर घेतलं. सिंगापूरच्या आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या फोटोंमध्ये त्याचे फोटो मोडतात.

१८६२ मध्ये जॉन थॉमसन हा स्कॉटिश तरुण आला आणि त्याने इथे स्टुडिओ थाटला. पुढे १८६६ साली तो कंबोडियात अंगकोर वाटपर्यंत कॅमेरा घेऊन गेला. त्याच्या काळात फोटो काढणं म्हणजे काय होतं, ते जरा डोळ्यांपुढे आणा. काचेच्या पाटीवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं आणि पाटी हलवून ते सगळीकडे सारखं पसरवायचं. मग अंधारात ती पाटी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, भिंगावरचं झाकण काढून सेकंद मोजायचे आणि पाटी सुकायच्या आत पळत तंबूत जाऊन ती धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. कोलोडियनमध्ये ईथर असतं आणि विषुववृत्तावरच्या उकाड्यात ते भराभर उडून जातं. म्हणून इथे घाई आणखी. शिवाय काचा, बाटल्या, पाणी, तंबू आणि पेटीएवढा कॅमेरा हे सगळं वाहायला हमाल हवेत. देखाव्याचा फोटो हा एकट्यादुकट्याचा उद्योग नव्हताच. प्रत्येक 'निर्जन' जंगलाच्या फोटोत कॅमेऱ्याच्या मागे चार-सहा माणसं घामाने निथळत उभी असत.

आणखी एक अडचण होती. त्या काचांना निळा रंग चटकन दिसे, हिरवा फारच थोडा दिसे आणि तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे आभाळ पांढरंफटक आणि झाडं काळीशार येत. जुन्या फोटोंतले ढग नसलेले आकाश पाहून 'तेव्हा हवा किती स्वच्छ होती' असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. ढग होते, काचेला ते आकाशापासून वेगळे काढता येत नव्हते. जगातल्या हिरव्यागार प्रदेशाची पहिली चित्रं हिरवा न दिसणाऱ्या डोळ्याने घेतली गेली.

ड्रेस्डेनहून आलेल्या गुस्ताव रिचर्ड लँबर्टने १८६७ मध्ये इथे दुकान उघडलं, मध्ये तो परत गेला आणि १८७७ मध्ये पुन्हा आला. 'जी. आर. लँबर्ट अँड कंपनी' पुढे अलेक्झांडर कॉखच्या हातात गेली आणि खरी भरभराट त्याने केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कंपनीकडे सिंगापूर, मलाया, सयाम आणि बोर्निओच्या सुमारे ३,००० दृश्यांचा साठा होता. आगबोटीतून उतरलेला प्रवासी दुकानात येई, नमुने चाळे, हवे ते फोटो निवडे आणि चामडी बांधणीचा अल्बम घेऊन पुढच्या बोटीला लागे. बोटॅनिक गार्डनमधली वाट, किनाऱ्यावरच्या नारळाच्या रांगा, पाण्यात खांबांवर उभी असलेली मलाय घरं, नदीतली होड्यांची दाटी. याच चार-पाच गोष्टी म्हणजे 'पूर्वेचा देश' असं युरोपात ठरून गेलं, त्यात या अल्बमांचा वाटा मोठा आहे. फोटो देखणे आहेत, त्यात शंका नाही. पण ते गिऱ्हाईकाला काय हवं ते जाणून काढलेले आहेत.

त्या अल्बमांत घनदाट जंगल पुष्कळ दिसतं. पण तोवर या बेटावरचं मूळ जंगल बहुतेक संपलं होतं. चिनी शेतकऱ्यांनी मिरी आणि गँबियर लावण्यासाठी डोंगर मोकळे केले होते. गँबियर म्हणजे आपल्या विड्यातल्या काताचा चुलतभाऊ. कातडी कमावायला तो युरोपात जाई. पानं उकळायला सरपण लागे, त्यासाठी आजूबाजूचं रान तोडलं जाई, आणि दहा-वीस वर्षांत जमिनीचा कस गेला की माणसं पुढच्या टेकडीवर सरकत. लँबर्टचा माणूस फ्रेममध्ये जंगल घ्यायचा ते उरलेल्या कोपऱ्यातलं. शेजारची उघडी टेकडी कोण विकत घेणार?

आता आपल्या घाटांकडे वळू या, कारण त्याच वर्षांत तिथेही हेच चाललं होतं.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे आपल्या लोकांतले अगदी सुरुवातीचे फोटोग्राफर. हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गात शिकले. मात्र या मंडळींचं नाव झालं ते माणसांच्या फोटोंसाठी. डोंगरदऱ्यांकडे कॅमेरा घेऊन गेले ते सरकारी आणि लष्करी साहेब. मला याचं कारण सरळ वाटतं. स्टुडिओत गिऱ्हाईक चालत येतं. डोंगराकडे आपल्याला जावं लागतं, तंबू आणि हमाल घेऊन, आणि डोंगर पैसे देत नाही. कॅप्टन थॉमस बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळेला गेला तो मुंबई सरकारच्या पगारावर.

रॉबर्ट गिलची गोष्ट निराळी आहे. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं रंगवून उतरवत होता. वर्षानुवर्षं राबून केलेल्या प्रतिकृती लंडनला गेल्या, सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पण मधल्या काळात गिलच्या हातात कॅमेरा आला होता. १८६४ मध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. त्यांत लेणी आहेत, मंदिरं आहेत आणि रानही आहे. दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं शेजारी लावून खोलीचा भास देणारे स्टिरिओ फोटो त्याने काढले. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला वाघूर नदीच्या दरीत डोकावल्यासारखं वाटावं, ही त्यांची करामत. वीस वर्षांचे रंग गेले आणि सहज म्हणून हाती घेतलेली काच टिकली.

आणि मग बोरघाट. तुमच्यातल्या मुंबई-पुण्याच्या लोकांनी खंडाळ्याच्या घाटात गाडीच्या खिडकीतून फोटो काढलाच असेल. या घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही, इंजिनियरांना हाताशी धरून काम पुरं करवून घेतलं. कामाच्या फोटोंचा जो अल्बम आज तिच्या नावाने ओळखला जातो, तो सह्याद्रीच्या सुरुवातीच्या चित्रांपैकी एक आहे. त्यात धुकं आणि धबधबा नाही. उघडा कातळ, सुरुंगाने फोडलेली कड, अर्धे उभे पूल आणि त्यांवर मुंग्यांएवढी माणसं. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, १,८३१ फुटांची चढण. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. पटकी आणि तापाने किती गेले त्याचा नीट हिशेब नाही. १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्यानंतर हाच डोंगर सौंदर्यस्थळ झाला आणि चित्रांतून मुंग्याही नाहीशा झाल्या.

सिंगापुरातही वेगळं काही नाही. इथले जुने रस्ते, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि आज जे राष्ट्राध्यक्षांचं अधिकृत निवासस्थान आहे तो इस्ताना, ही सगळी कामं हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांच्या हातची. त्यात बंगाल आणि मद्रासचे होते, तसे मुंबई इलाख्याचेही होते. १८२५ पासून कैदी इथे येत राहिले आणि १८७३ मध्ये तुरुंग बंद झाल्यावर उरलेल्यांना अंदमानला हलवलं. त्यांचा अधिकारी मेजर मॅकनेअर स्वतः हौशी फोटोग्राफर होता. त्याच्या पेराकवरच्या १८७८ च्या पुस्तकातली चित्रं त्याच्याच फोटोंवरून केलेली आहेत. इस्ताना बांधून झाला १८६९ मध्ये. त्यानंतरच्या फोटोंत हिरवळ आहे, झाडं आहेत, उतारावर पांढरी इमारत आहे. दिवाळीला इस्तानाचं दार सर्वांसाठी उघडतं तेव्हा त्याच हिरवळीवर मुलांना उभं करून तुम्ही फोटो काढता. तिथल्या विटांवरून फिरलेल्या हातांपैकी काही हात सातारा-रत्नागिरीकडचे असू शकतील, हे मुलांना सांगायला हरकत नाही. शाळेतल्या पुस्तकात ते येईलच असं नाही.

आता परत बुओना व्हिस्टाच्या खिंडीत येऊ. देखावा चांगला म्हणजे लांबवर दिसतं, आणि लांबवर दिसतं ती जागा सैन्याला हवी असते. फेब्रुवारी १९४२ मध्ये याच कण्यावर मलाय रेजिमेंटने जपानी फौजेला दोन दिवस झुंजवलं. बुकित चांदू टेकडीवर लेफ्टनंट अदनान साइदी आणि त्यांचे साथीदार १४ तारखेला मारले गेले. दुसऱ्या दिवशी सिंगापूर पडलं. त्या टेकडीवरच्या बंगल्यात आज छोटं संग्रहालय आहे. १९५२ मध्ये डचेस ऑफ केंट इथे येऊन गेल्या आणि त्यांच्यावरून कण्याला केंट रिज नाव मिळालं. पुढे विद्यापीठ आलं, हायवे आला.

समुद्रही लांब गेला. १९६० च्या सुमाराला सिंगापूरचं क्षेत्रफळ ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, आज ते ७३० च्या वर आहे. पूर्वेच्या टेकड्या खणून पूर्व किनाऱ्यावर भराव घातला गेला, ते काम १९६६ पासून सुरू झालं. पासिर पांजांगची वाळूही भरावाखाली गेली आणि तिच्यावर कंटेनरचं बंदर उभं राहिलं. पासिर पांजांग म्हणजे लांबलचक वाळू. तिथेही आता नावच उरलं आहे.

यिप चोंग फून या फोटोग्राफरचं नाव इथे घ्यायलाच हवं. नोकरी सांभाळून पहाटे कॅमेरा घेऊन समुद्रावर जाणारा हा माणूस. १९५७ चा त्यांचा 'रोइंग ॲट डॉन' हा फोटो जगभर गाजला. धूसर उजेड, सपाट पाणी, होडी वल्हवणारी आकृती. १९८४ मध्ये त्यांना सिंगापूरचा कल्चरल मेडॅलियन मिळाला. त्यांनी हे फोटो कला म्हणून काढले, नोंद म्हणून नव्हे. पण किनारे सरकले आणि ती कलाच नोंद झाली. लँबर्टच्या फोटोंपुढे मी यांचे फोटो ठेवेन, कारण यांच्या होडीत माणूस आहे आणि तो कामावर निघाला आहे.

आपल्याकडेही पुढे मराठी माणसं डोंगराकडे कॅमेरा घेऊन गेली. नौदलात काम केलेल्या गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून गडकिल्ले आणि दीपगृहं टिपली. ज्या गडावर आपण धापा टाकत चढतो त्याचा आकार आपल्याला पहिल्यांदा नीट कळला तो वरून.

केंट रिजवर गेलात तर तिथली झाडी बघून 'वा, काय जंगल आहे' म्हणाल. बघा जरूर, पण ते मूळ जंगल नाही. कस गेलेल्या जमिनीत तग धरणारं टियुप-टियुप नावाचं झाड तिथे पुष्कळ आहे, आणि त्याच्या सोबतीने वाढलेलं ते दुसऱ्या फेरीचं रान आहे. गँबियरने थकवलेल्या मातीची ती खूण. बाकी शहरातली हिरवाई तर लावलेलीच. १६ जून १९६३ रोजी ली क्वान यू यांनी फॅरर सर्कसला झाड लावलं आणि तिथून देशाची वृक्षलागवड मोजली जाते. ती जागा बुओना व्हिस्टाहून फार लांब नाही.

जुनी गोष्ट दूरची वाटत असेल तर जवळची घ्या. बुओना व्हिस्टाच्या अगदी कुशीतून मलायाची रेल्वे जात असे. १९३२ पासूनचा हा मार्ग ३० जून २०११ च्या रात्री बंद झाला. शेवटच्या आठवड्यांत अख्खं सिंगापूर कॅमेरे घेऊन रुळांवर उतरलं होतं. एरवी त्या रुळांकडे ढुंकून न पाहणारी माणसं गवतात गुडघे टेकून फोटो काढत होती. तेव्हा इथे असाल तर जुनी हार्ड डिस्क शोधा. मुलाच्या पहिल्या सायकलीच्या फोटोत मागे गाडी सापडेल. सिंगापूरला भेटीला आलेल्या आजी-आजोबांच्या फोटोंतही मागचा भाग मोठा करून पाहा. त्यांनी घातलेले नवे कोरे बूट आपल्याला आठवतात. मागची इमारत पाडून किती वर्षं झाली ते मात्र फोटोलाच ठाऊक असतं. अशा फोटोंवर जागा आणि तारीख घाला, मराठीत घाला, आणि मागे काय आहे तेही एका ओळीत लिहा.

या शनिवारी जमलं तर संध्याकाळी साउथ बुओना व्हिस्टा रोडने केंट रिज पार्कला चढा. पाण्याची बाटली आणि डासांचं औषध बरोबर असू द्या. वरून समुद्र दिसतो, बेटंही दिसतात, पण मध्ये रांगेने क्रेन उभ्या असतात आणि बहुतेक जण त्या चुकवून फोटो काढायला धडपडतात. पासिर पांजांगचं हे बंदर २०४० च्या दशकात तुआसला जायचं आहे. क्रेन फ्रेममध्ये येऊ द्या.